स्क्रीन रीडर आहे म्हणून ॲप सुगम्य होत नाही

मोबाइल ॲप तयार करणाऱ्यांच्या वर्तुळात आणि समाजमाध्यमांवर एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: ‘आज प्रत्येक स्मार्टफोनमध्ये पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर आहे, तोंडी हुकूम ऐकणारा सहायक आहे आणि आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता समोरच्या चित्राचे वर्णनही करून सांगते. त्यामुळे अंध व्यक्तींसाठी ॲपच्या रचनेत वेगळे काही करण्याची गरज उरलेली नाही. फारच वाटले तर मोठ्या बटणांची एक साधी आवृत्ती काढावी, डेव्हलपरने डोळ्यांवर पट्टी बांधून ती एकदा चालवून पाहावी, म्हणजे काम झाले. नाहीतरी हे वापरकर्ते मूठभरच असतात.’ हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे मला वाटत नाही. तंत्रज्ञानाची प्रगती पाहून त्यांना वाटणारे समाधान खरे असते. परंतु या मजकुरातले एकेक विधान तपासले की ते अपुरे किंवा सरळ चुकीचे ठरते, आणि त्यावर विसंबून घेतलेल्या निर्णयांमुळे माणसांना स्वतःचे पैसे स्वतः पाठवता येत नाहीत, प्रवासाचे तिकीट काढता येत नाही, तपासणीचा अहवाल दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. म्हणून हा प्रतिवाद.

पहिले विधान स्क्रीन रीडरचे. त्यात जेवढे खरे आहे तेवढे आधी मान्य केले पाहिजे. सपाट काचेचा पडदा, ज्यावर बोटाला काहीच लागत नाही, तो न पाहता वापरता येईल यावर एके काळी फार थोड्यांचा विश्वास होता. २००८ साली शॉन केन, जेफ्री बिगहॅम आणि जेकब वॉब्रॉक या संशोधकांनी ‘स्लाइड रूल’ नावाचा प्रयोग मांडून पडद्यावर बोट फिरवत ऐकण्याची पद्धत कशी चालू शकते हे दाखवले. २००९ मध्ये आयफोन ३जीएस बरोबर व्हॉइसओव्हर हा ॲपलचा स्क्रीन रीडर आला, त्याच वर्षी अँड्रॉइडवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आला, आणि बोट फिरवून पडदा चाचपण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०११ च्या चौथ्या आवृत्तीपासून मिळाली. या घटनांनी लाखो लोकांचे आयुष्य बदलले, हे निर्विवाद आहे.

पण स्क्रीन रीडर नेमके काय वाचतो, हे या मजकुरात कुठेच येत नाही. तो पडद्यावरची चित्रे पाहत नाही. ॲपच्या कोडमध्ये प्रत्येक घटकाबद्दल जी माहिती नोंदवलेली असते ती तो बोलून दाखवतो: घटकाचे नाव काय, तो बटण आहे की शीर्षक की चौकट, आणि त्याची सध्याची स्थिती काय, म्हणजे चालू की बंद, निवडलेला की न निवडलेला. पत्र वाचून दाखवणारा माणूस कितीही तयारीचा असला तरी पत्रात जे लिहिलेलेच नाही ते तो वाचू शकत नाही, तसेच हे आहे. डिझायनरने कचऱ्याच्या डब्याचे चिन्ह काढले आणि डेव्हलपरने त्याला लेबल, म्हणजे बोलून दाखवायचे नाव, दिले नाही, तर ऐकणाऱ्याला फक्त ‘बटण’ एवढेच ऐकू येते, किंवा चित्राच्या फाइलचे अर्थहीन नाव ऐकू येते. एखाद्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे अशी तीन बटणे असतील, तर ‘बटण, बटण, बटण’ ऐकून कोणते दाबल्यावर वस्तू वाढेल आणि कोणते दाबल्यावर ती कायमची पुसली जाईल, हे ओळखण्याचा मार्गच उरत नाही.

शिवाय स्क्रीन रीडर चालू केला की बोटांची भाषा बदलते, आणि ही गोष्ट डोळस डेव्हलपरच्या लक्षात सहसा येत नाही. एरवी एका बोटाने डावी-उजवीकडे केलेला स्वाइप ॲपला मिळतो. स्क्रीन रीडर चालू असताना तोच स्वाइप पुढच्या-मागच्या घटकावर जाण्यासाठी वापरला जातो आणि ॲपपर्यंत पोहोचतच नाही. ‘संदेश डावीकडे सरकवा, म्हणजे तो पुसला जाईल’ अशी रचना केली आणि दुसरा कोणताच मार्ग ठेवला नाही, तर ती सोय अंध वापरकर्त्यापुरती नाहीशी होते. यावर उपाय आहे: दोन्ही प्रमुख प्रणालींमध्ये एखाद्या घटकाला स्वतंत्र कृती जोडता येतात आणि स्क्रीन रीडर त्या कृती नावानिशी सांगतो. पण त्या जोडाव्या लागतात. फोन त्या स्वतःहून शोधून काढत नाही. वाचनाचा क्रम, शीर्षकांची नोंद, नाव आणि रक्कम एकत्र वाचली जातील अशी मांडणी, हे सगळेही असेच कोणीतरी ठरवावे लागते.

हे किती सूक्ष्म असू शकते हे दोन उदाहरणांतून पाहू. पहिले ओटीपीच्या पानाचे. पडद्यावर सहा चौकटी आहेत आणि खाली ‘३० सेकंद उरले’ असा आकडा उलटा मोजला जातो आहे. डेव्हलपरने चांगल्या हेतूने तो आकडा बदलला की लगेच बोलला जाईल अशी सोय केली. आता वापरकर्ता चौकटीत पहिला अंक टाकायला जातो, ‘पाच’ ऐकू येण्याआधीच फोन म्हणतो ‘एकोणतीस सेकंद’. तो पुन्हा बोट फिरवतो, ‘अठ्ठावीस सेकंद’. दर सेकंदाला आधीचे बोलणे तोडले जाते, कोणत्या अंकावर बोट आहे ते कळत नाही, आणि वेळ संपते. हे पान स्वयंचलित तपासणीत निर्दोष ठरू शकते, कारण प्रत्येक घटकाला लेबल आहे. चूक वागणुकीत आहे. आकडा सुरुवातीला एकदा आणि वेळ संपत आली की एकदा बोलला गेला असता, मुदत वाढवून मिळाली असती आणि संदेशातला अंक आपोआप भरला जाऊ दिला असता, तर हे पान सहज वापरता आले असते.

दुसरे उदाहरण पिन टाकण्याच्या पानाचे. सुरक्षिततेच्या नावाखाली अनेक ॲप फोनचा नेहमीचा कीबोर्ड बाजूला ठेवून स्वतःची अंकपाटी काढतात, आणि काही ठिकाणी तीवरचे अंक दर वेळी जागा बदलतात. फोनच्या कीबोर्डमध्ये अंध वापरकर्त्यांसाठी लिहिण्याचे अनेक मार्ग वर्षानुवर्षांच्या कामातून तयार झालेले आहेत. कोणी अक्षरावर बोट ठेवून डबल टॅप करतो, कोणी बोट उचलताच अक्षर उमटेल अशी पद्धत निवडतो, कोणी पडद्यावरच बोटांनी ब्रेलचे ठिपके दाबून लिहितो (ही सोय आयफोनवर २०१४ पासून आणि टॉकबॅकमध्ये २०२० पासून आहे), तर कोणी ब्लूटूथने जोडलेला कीबोर्ड किंवा ब्रेल डिस्प्ले (पडद्यावरचा मजकूर बोटांना लागणाऱ्या ब्रेल ठिपक्यांत उमटवणारे उपकरण) वापरतो. ॲपने स्वतःची अंकपाटी काढली की हे मार्ग एका फटक्यात बंद होऊ शकतात. त्यातच त्या पाटीवरचा प्रत्येक अंक गुप्ततेसाठी ‘ठिपका’ असा वाचला जात असेल, तर आपण काय टाकतो आहोत हे खुद्द पिनच्या मालकालाच कळत नाही. फोन बनवणाऱ्यांनी वापरकर्त्यांमधला फरक ओळखून इतके मार्ग दिले, आणि ॲपच्या रचनेने ते काढून घेतले, अशी ही स्थिती आहे. ‘फोनमध्ये सगळे आहेच’ या विधानाला याहून स्पष्ट उत्तर मला सुचत नाही.

दुसरे विधान तोंडी हुकमांचे. आवाजी सहायकाला वेळ विचारणे, फोन लावायला सांगणे, गजर लावणे ही कामे उत्तम होतात. परंतु सहायक ॲप उघडून देतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. आतल्या फॉर्ममधली तिसरी चौकट भरणे, दोन तारखांमधला फरक पाहून निवड करणे, अर्धवट चुकलेला पत्ता दुरुस्त करणे यासाठी पडद्यावरच यावे लागते. आवाजाने संपूर्ण फोन चालवण्याच्या ज्या सोयी आहेत, त्या बटणाचे नाव उच्चारून ते दाबतात, आणि नाव नसेल तिथे पडद्यावर आकडे किंवा जाळी काढून दाखवतात. ते आकडे पाहण्यासाठी दृष्टी लागते, म्हणजे आपण पुन्हा लेबलपाशीच येऊन पोहोचतो. याखेरीज गर्दीत, गोंगाटात किंवा दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात आपला खाते क्रमांक किंवा आजाराचे नाव मोठ्याने उच्चारायला लावणे हा त्या व्यक्तीच्या खासगीपणावर घाला आहे. ज्यांचे उच्चार स्पष्ट नाहीत किंवा ज्यांना ऐकूही येत नाही, त्यांचा तर या विधानात विचारच केलेला नाही.

तिसरे विधान कृत्रिम बुद्धिमत्तेचे. इथेही काही गोष्टी खरोखर मोलाच्या आहेत. मायक्रोसॉफ्टचे ‘सीइंग एआय’ २०१७ मध्ये आले. डोळस स्वयंसेवकांशी व्हिडिओवर जोडून देणारे ‘बी माय आइज’ २०१५ पासून चालू आहे आणि त्यात २०२३ मध्ये चित्रांचे वर्णन करणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही दाखल झाली. ॲपलने २०२० मध्ये आयओएस १४ मध्ये पडद्यावरचे लेबल नसलेले घटक ओळखण्याचा प्रयत्न करणारी सोय दिली. या सर्वांचा उपयोग डबा, पत्र, छायाचित्र समजून घेताना मोठा होतो. परंतु चित्रावरून केलेले अनुमान आणि ॲपने स्वतः दिलेली माहिती यांत मूलभूत अंतर आहे. हृदयाचे चिन्ह ‘आवडले’ यासाठी आहे, ‘जतन करा’ यासाठी आहे की ‘हृदयाचे ठोके मोजा’ यासाठी, हे चित्रावरून सांगता येत नाही. ॲप तयार करणाऱ्याला मात्र ते नक्की माहीत असते. अनुमान चुकते तेव्हा ते चुकल्याचे ऐकणाऱ्याला कळत नाही, कारण पडताळून पाहण्याचे साधन तेच असते. पैशांच्या व्यवहारात किंवा औषधाच्या मात्रेत असा धोका पत्करायला लावणे योग्य नाही. ज्याला उत्तर माहीत आहे त्याने ते एका ओळीत लिहायचे नाही आणि यंत्राने ते ओळखावे अशी अपेक्षा धरायची, हा क्रमच मला मान्य नाही.

आता ‘मोठ्या बटणांची साधी आवृत्ती’ या सूचनेकडे येऊ. माझ्या मते या मजकुरातली सर्वांत खोल चूक इथे आहे, कारण तिच्या मुळाशी ‘अंध वापरकर्ता’ नावाची एकच व्यक्ती गृहीत धरलेली आहे.

जन्मापासून न पाहिलेली आणि लहानपणी ब्रेल शिकलेली व्यक्ती स्क्रीन रीडरचा आवाज इतक्या वेगाने ऐकू शकते, की नवख्याला त्यातला शब्दही उमगत नाही. तिला मोठे बटण नको असते; तिला शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारता येईल अशी नेटकी रचना हवी असते, आणि भरपूर माहिती एका पानावर असली तरी तिची तक्रार नसते. याउलट साठीनंतर मधुमेहामुळे दृष्टी गेलेल्या व्यक्तीचा विचार करा. तिला अक्षरांचे आकार, रंग, पडद्याची मांडणी आठवते, पण ब्रेल येत नाही, आणि मधुमेहाने बोटांच्या टोकांची संवेदनाही मंदावली असेल तर ब्रेल शिकणेही अवघड जाते. तीन बोटांचा स्वाइप किंवा झटपट डबल टॅप तिला जमत नाही, आवाज सावकाश लागतो, आणि एखादा संदेश तीन सेकंदांत नाहीसा झाला की तो तिच्यापुरता आलाच नव्हता असे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार दृष्टिदोष आणि अंधत्व असलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पन्नाशीच्या पुढचे आहेत. म्हणजे सराईत, तरुण, तंत्रकुशल अंध वापरकर्ता नजरेसमोर ठेवून केलेली रचना बहुसंख्यांना वगळणारी ठरू शकते.

अल्पदृष्टी असलेल्यांमध्ये तर गरजा परस्परविरुद्ध असतात. नेत्रपटलाच्या मध्यभागाची झीज झाली की समोरचे धूसर होते आणि कडेचे दिसत राहते. अशा व्यक्तीला अक्षर मोठे केल्याचा फायदा होतो. रेटिनायटिस पिगमेंटोझा किंवा वाढलेल्या काचबिंदूमध्ये कडेची दृष्टी जाते आणि नळीतून पाहिल्यासारखा अरुंद भाग उरतो. अशा व्यक्तीला सर्व काही प्रचंड मोठे करून दिले, तर त्या अरुंद भागात दोनच अक्षरे मावतात आणि पानाच्या दुसऱ्या टोकाला उघडलेली सूचना तिला दिसतच नाही. मोतीबिंदू असलेल्या अनेकांना पांढऱ्या पार्श्वभूमीची तिरीप सहन होत नाही. म्हणून ‘मोठे’ हा सार्वत्रिक उपाय नाही. वापरकर्त्याने फोनमध्ये निवडलेला अक्षरांचा आकार, रंगसंगती आणि ठळकपणा ॲपने मानला पाहिजे, आणि अक्षरे दुप्पट झाली तरी मजकूर कापला जाऊ नये, बटणे एकमेकांवर चढू नयेत, हे पाहिले पाहिजे. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या मजकुरासाठी ३ : १ इतके सांगितले आहे, ते मोबाइललाही तितकेच लागू पडते, आणि उन्हात पडदा पाहणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडते.

ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, किंवा अशर सिंड्रोमसारख्या विकारात दोन्ही हळूहळू कमी होत जाते, त्यांच्यासाठी स्क्रीन रीडरची माहिती ब्रेल डिस्प्लेवर उमटते. तिथे एका वेळी थोडीच अक्षरे मावतात. लांबलचक लेबल, ज्यात ‘कृपया पुढे जाण्यासाठी हे बटण दाबा’ असे पाल्हाळ आहे, ते वाचायला त्यांना पुन्हा पुन्हा पुढे सरकावे लागते. ‘पुढे’ हा एकच शब्द पुरतो. फक्त ध्वनीने दिलेली चूक-बरोबरची खूण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि चित्राऐवजी ऐकून सोडवायचे पडताळणीचे कोडे (कॅप्चा) त्यांना दारातच अडवते. हाताला कंप असलेल्या अंध व्यक्तीसाठी आणखी वेगळा विचार लागतो, आणि पडद्यावर बोटाने काढायच्या खुणा (जेश्चर) तर सगळ्याच अंध व्यक्तींचा विचार करून ठरवाव्या लागतात. २०११ मध्ये केन, वॉब्रॉक आणि रिचर्ड लॅडनर यांनी केलेल्या अभ्यासात अंध सहभागींनी काढलेल्या अशा खुणा डोळस सहभागींपेक्षा आकाराने मोठ्या होत्या, आणि पडद्याच्या कडा व कोपरे यांचा आधार घेणाऱ्या खुणांकडे त्यांचा कल अधिक होता. छापील अक्षराच्या आकाराची खूण काढायला लावू नये, असेही त्या अभ्यासातून निघते, कारण ज्याने ते अक्षर कधी पाहिलेच नाही त्याने ते कसे काढावे?

इतक्या वेगवेगळ्या गरजा एका ‘साध्या’ आवृत्तीत बसत नाहीत. शिवाय वेगळी आवृत्ती मागे पडते, हा अनुभव सर्वत्र येतो: मुख्य ॲपमध्ये नवी सोय येते, आणि साध्या आवृत्तीत तीच सोय येईपर्यंत महिने जातात किंवा ती येतच नाही. ज्यांना सर्व सोयी वापरता येतात त्यांनाही आपण कमी सोयींच्या खोलीत बसवतो. उत्तर एकाच ॲपमध्ये अनेक वाटा ठेवण्यात आहे: सरकवण्याच्या कृतीला बटणाची जोड, ध्वनीला कंपनाची आणि मजकुराची जोड, वेळेच्या बंधनाला मुदतवाढीची जोड. वर सांगितलेल्या वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत ओढून करायच्या कृतीला साध्या टॅपचा पर्याय, स्पर्शाच्या जागेचा किमान आकार आणि स्मरणशक्तीची परीक्षा न घेणारे लॉग-इन या अपेक्षा नव्याने घातल्या गेल्या, त्या याच दिशेने जातात.

डोळ्यांवर पट्टी बांधून तपासण्याच्या सूचनेबद्दल थोडक्यात सांगता येईल. पट्टी बांधलेला डोळस माणूस अंध व्यक्तीसारखा अनुभव घेत नाही. तो नुकताच, अचानक, कोणत्याही सरावाशिवाय अंध झालेल्या माणसाचा गोंधळ अनुभवतो. मानसशास्त्रज्ञ एरिएल सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असे आढळले, की अशी नक्कल केल्यानंतर लोक अंध व्यक्तींच्या क्षमतेला आधीपेक्षा कमी लेखू लागतात. डेव्हलपरने स्क्रीन रीडर शिकून, पडदा काळा करून, रोज आपले ॲप चालवावे हे मी आग्रहाने सांगेन. लेबल नसलेली बटणे आणि एकाच घटकावर अडकलेला फोकस (स्क्रीन रीडर सध्या ज्या घटकावर आहे ती जागा) त्यातून लगेच सापडतात. पण ते वापरकर्त्यांकडून होणाऱ्या तपासणीच्या जागी चालत नाही, आणि ती तपासणी एकाच व्यक्तीकडून करून घेतली तरी भागत नाही. सराईत ब्रेल वाचक, उशिरा दृष्टी गेलेली व्यक्ती, अल्पदृष्टीची व्यक्ती आणि ब्रेल डिस्प्लेवर अवलंबून असलेली व्यक्ती यांना वेगवेगळ्या चुका सापडतात. त्यांच्या वेळेचा योग्य मोबदला दिला पाहिजे, हेही इथेच नोंदवतो.

राहिले ‘मूठभर’. २०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार सुमारे ४.३ कोटी लोक अंध आणि सुमारे २९.५ कोटी लोक मध्यम ते तीव्र दृष्टिदोष असलेले आहेत. जवळचे किंवा दूरचे नीट न दिसणाऱ्या सर्वांची संख्या जागतिक आरोग्य संघटना किमान २२० कोटी सांगते. हे आकडे लहान असते तरी माझा मुद्दा बदलला नसता, पण ते लहान नाहीत. खर्चाचे म्हणाल, तर लेबल लिहिणे, घटकाचा प्रकार नोंदवणे, प्रणालीची तयार बटणे व कीबोर्ड वापरणे ही कामे रचना होत असतानाच केली तर फार थोडा वेळ घेतात, आणि तीच दोन वर्षांनी, शेकडो पानांवर, स्वतः घडवलेल्या अंकपाट्या काढून टाकत केली तर महाग पडतात. केलेले काम टिकवावेही लागते: पुढच्या आवृत्तीत एखादे चिन्ह बदलले की त्याचे लेबल गळते आणि काल चालणारे ॲप आज बंद पडते. म्हणून लेबल, क्रम, अक्षरवाढ आणि वेळमर्यादा यांची तपासणी प्रत्येक आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वीच्या अटींमध्ये असावी, आणि पिनचे पान चालत नसेल तर ती आवृत्ती त्या दिवशी बाहेर पडू नये, मग डोळस वापरकर्त्यासाठी ती कितीही तयार असो.